केळवणाला आलेला घड

“ये सड़े वाले अलग कीजिए, चाची. बच्चियों को खिलाना है.”

निशातगंजच्या पुलाखाली, सकाळी पावणेआठला, लीलावतीचाचीच्या फळांच्या गाडीसमोर उभं राहून ट्रॅकसूट घातलेला एक उंच तरुण हे बोलला आणि अबोली भंगाळेच्या डोक्यात तिडीक गेली. सड़े वाले! ज्या केळ्यांच्या फणीकडे बोट दाखवून तो हे म्हणत होता, ती फणी अबोलीने कालपासून हेरून ठेवली होती. काल ती नुसती पिवळी होती. आज सालीवर बारीक तपकिरी ठिपके उमटले होते, अगदी हवे तेवढे. आणि हा शहाणा म्हणतो, सडलेली!

अबोलीची माणसं जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याची. केळीच्या बागांत वाढलेल्या माणसांसमोर केळ्याला नावं ठेवायला जिगर लागते. तिचे बाबा, विजय भंगाळे, हवाई दलातून निवृत्त होऊन इथे लखनौलाच वृंदावन योजनेत घर घेऊन राहिले, त्यालाही बारा वर्षं झाली होती. पण घरात आणलेलं केळं आधी बाबांच्या हातात जायचं, ते उलटसुलट करून बघितलं जायचं, आणि मगच इतरांना मिळायचं. त्यात अबोली स्वतः आहारतज्ज्ञ. पुलापलीकडच्या एका खासगी दवाखान्यात पेशंटनी काय खावं हे ती दिवसभर सांगायची.

“भाईसाहब,” ती म्हणाली, “सड़े नहीं हैं. इसको चित्ती कहते हैं. चित्तीदार केला सबसे मीठा होता है, और सबसे जल्दी पचता है. ये जो आप हरे-हरे चुन रहे हैं ना, ये खिलाइए बच्चियों को. पेट पकड़कर बैठेंगी सब.”

“अच्छा?” तो म्हणाला. नुसतं ‘अच्छा’, आणि वर एक हसू. तेही ओठांच्या एकाच कोपऱ्यातलं.

त्या हसण्याने ती जास्तच भडकली. आपली फणी पिशवीत टाकता टाकता पुटपुटली, “अक्कल नाही काडीची, आणि निघालेत केळी घ्यायला!”

“काडी भर तो होगी, मैडम,” तो शांतपणे म्हणाला. “ढूँढ़नी पड़ेगी.”

अबोलीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लखनौमध्ये मराठीत पुटपुटण्याचा मोठा फायदा असा, की कुणाला काही कळत नाही. हा फायदा तिने शाळेपासून मनसोक्त घेतला होता. आज पहिल्यांदा पकडली गेली.

“तुम्ही... मराठी आहात?”

“जी. रणजित शितोळे.”

“मग हिंदीत का बोलताय?”

“समझ लेता हूँ,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच नजर खाली गेली त्याची. “बोल नहीं पाता.”

ती स्कूटीवर बसली. वळून बघायचं नाही असं ठरवून आरशात बघितलं. तो हिरवी केळी एकेक करून परत ठेवत होता, आणि चित्तीदार उचलत होता.

त्यानंतर रोजच पावणेआठ वाजू लागले. म्हणजे वाजायचे आधीही, पण आता अबोली त्यांची वाट बघू लागली होती.

रणजितचे वडील फौजेत होते, त्यामुळे त्याचं सगळं आयुष्य लखनौच्या छावणीत गेलेलं. आता तो मुलींना हॉकी शिकवायचा. सकाळच्या सरावानंतर त्याच्या मुलींना खायला केळी लागायची, म्हणून तो रोज यायचा. जानेवारीतलं धुकं असायचं. समोरचा टेम्पो दिसत नसे, पण त्याचा निळा ट्रॅकसूट तिला पुलाच्या पलीकडूनच दिसायचा. तिची स्कूटी थांबली, की तो गळ्यातला टॉवेल काढून सीटवरचं दव पुसून ठेवायचा. का पुसतो, कुणी सांगितलं, असं तिने विचारलं नाही. त्यानेही कारण दिलं नाही.

“आपका नाम अबोली किसने रखा?” एकदा त्याने विचारलं.

“आजीने. का?”

“मिलना था उनसे. पूछना था, किस उम्मीद में रखा.”

“तुम्ही ना—”

“और ये भुसावल वाला केला आपके गाँव का ही है ना, भुसावल वाली मैडम?”

“भुसावळ नाही! सावदा! किती वेळा सांगायचं? इथे सगळ्या जगाला वाटतं केळी भुसावळलाच उगवतात. अहो, तिथे नुसती आगगाडीत चढतात ती!”

“हाँ, तो केले चढ़ाने वाली मैडम.”

लीलावतीचाची पदराआड हसायची. अबोलीला इतका राग यायचा, इतका राग यायचा, की दवाखान्यात पोचेपर्यंत ती एकटीच हसत असायची.

राग यायला तिला कारणंही कमी नव्हती. थंडीत केळं खाल्लं की खोकला होतो म्हणणारे शेजारी. रोज वॉर्डात भेटणारे, गुळगुळीत कागदात गुंडाळलेली किवी घेऊन येणारे नातेवाईक. “मैम, केला तो सब खाते हैं. कोई अच्छा-सा फल लिखिए ना!” हे ऐकलं की तिचं पित्त खवळायचं.

“सब खाते हैं, म्हणून तर चांगलं!” ती दुसऱ्या दिवशी रणजितपुढे सगळं ओकायची. “धुवायला नको, कापायला नको, ना सुरी, ना ताटली. दात न आलेलं बाळ खातं, दात पडलेले आजोबा खातात. उपासाला चालतं, प्रवासाला चालतं, परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही तेव्हाही चालतं. बारा महिने मिळतं. आणि बारा महिने मिळतं म्हणूनच याला कुणी विचारत नाही! वर्षातून पंधरा दिवस उगवलं असतं ना, तर लोकांनी आरती केली असती!”

“सही बात है,” तो म्हणायचा. पण तेव्हा तो केळ्याकडे बघत नसायचा.

मराठी का बोलत नाही, ते एकदा त्याने आपणहून सांगितलं. आई गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी गावी एका लग्नात त्याने कुणा मोठ्या काकूंना विचारलं, “काकू, तू जेवला का?” अख्खा मांडव हसला. दोन दिवस पोरं त्याच्या मागे तेच ओरडत फिरली. “माँ होती तो सुधार देती,” तो म्हणाला. “हँसती नहीं. बस... सही करके फिर से बोल देती.” मग म्हणाला, “शिकरण बनाती थीं. बस वही एक शब्द ठीक से बोलता हूँ.”

कधी न बघितलेल्या त्या मांडवाचा अबोलीला असा संताप आला, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हसलाच कसा तो मांडव? एका आई गेलेल्या पोराला? दुसऱ्या दिवशी तिने छोट्या डब्यात शिकरण आणली. दूध, साखर, वेलची, आणि चित्तीदार केळ्याच्या पातळ चकत्या. त्याने ती गाडीकडे पाठ करून, पुलाच्या खांबाकडे तोंड करून खाल्ली. डबा परत दिला तो धुऊन, पुसून.

इतकं सगळं झालं, आणि त्या गृहस्थाने तोंडातून एक शब्द काढला नाही! ना मराठीत, ना हिंदीत. सीट पुसतोय, फण्या निवडून ठेवतोय, डोळे भरून बघतोय, आणि बोलायचं तर केळ्यांबद्दल. माणसाने चिडू नये तर काय करावं?

आणि नेमकं तेव्हाच पुण्याचं स्थळ आलं.

स्थळ आणलं कौमुदीआत्याने. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, राहायला लखनौतच, जानकीपुरमला. तिने एखादी गोष्ट मनावर घेतली की बाबासुद्धा सावधान उभे राहायचे. मुलाचं नाव सौरभ. नोकरी उत्तम, घर उत्तम, व्हिडिओवर दिसायलाही उत्तम. अबोलीने बोलायला म्हणून आपल्या कामाचं सांगितलं, सावद्याचं सांगितलं. तो गोड हसून म्हणाला, “केळी मी दोन वर्षांपूर्वीच सोडली. आमच्याकडे ब्लूबेरी असते. केळं म्हणजे... कसं आहे, एकदम कॉमन ना!”

कॉमन!

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि उभ्या उभ्या दोन केळी खाल्ली.

“केळ्यावरून स्थळ नाकारतात का गं?” आई, लतिका, कपाळाला हात लावून म्हणाली. बाबा मात्र घाई करणारे नव्हते. “रविवारपर्यंत विचार कर,” ते म्हणाले. “हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर नाही. पण नाही म्हणशील तर कारण सांग.”

कारण! काय कारण सांगणार होती ती? की निशातगंजच्या पुलाखाली एक माणूस माझ्या स्कूटीची सीट पुसतो? त्याने काही विचारलंय का? नाही. काही बोललाय का? नाही. मग?

आत्याला रविवारपर्यंत दम निघणार नव्हता. तिच्या हिशेबी होकार आलेलाच होता. “रविवारी माझ्याकडे केळवण!” तिने फोनवर जाहीर करून टाकलं. “पहिलं केळवण आत्याचं. पुरणपोळी करते.” लग्न ठरलेल्या मुलीला जेवायला बोलवायचं ते केळवण, इथे लग्न ठरायच्या आधीच ताट मांडलं गेलं. अबोली म्हणाली, “अगं, पण मी अजून—” तोवर आत्याने फोन ठेवला होता.

गुरुवारी सकाळी अबोलीने मनाशी ठरवलं. आज त्याला सांगायचं. त्याचा चेहरा पडला, एवढासा जरी पडला, तरी रविवारी बाबांना द्यायला कारण मिळेल. नाही पडला, तर... तर ब्लूबेरी.

तो सीट पुसत होता.

“रविवारी माझं केळवण आहे,” ती म्हणाली. मुद्दाम मराठीत, एकेक शब्द सुटा करून.

त्याने मान वर केली. आणि त्याचा चेहरा उजळला! पडायचं सोडून लख्ख उजळला.

“आपका? सच में? अरे वाह!”

“हो. माझं.”

“ये तो होना ही था एक दिन! आपका नहीं होगा तो किसका होगा!” तो मनापासून हसत होता. “मैं आ सकता हूँ ना? और लाऊँ क्या... अरे, पूछना क्या है, केले ही लाऊँगा!”

अबोलीच्या पायाखालची जमीन सरकली. तिचं लग्न ठरतंय, आणि हा खूश आहे. वर चेष्टा करतोय! केळी आणणार म्हणे! ज्या माणसासाठी तिने वेलची कुटली होती, तो माणूस!

“या ना,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका गोड झाला की लीलावतीचाचीने दचकून बघितलं. “अवश्य या. जानकीपुरम, पाण्याच्या टाकीसमोर, हिरवं फाटक. बारा वाजता. पोटभर जेवून जा.”

“बिटिया, केला तो लेती जाओ!” चाची मागून ओरडली. अबोली थांबली नाही. शुक्रवारी आणि शनिवारी ती दुसऱ्या रस्त्याने गेली आणि सफरचंदं घेतली. सफरचंद! कापून ठेवलं की काळं पडतं, आणि चव म्हणाल तर ओल्या पुठ्ठ्याची. जगाला याचं कौतुक आहे. तिने ती दोन्ही दिवस रडत रडत खाल्ली.

रविवारी आत्याच्या घरात पाट मांडला होता, ताटाभोवती रांगोळी होती, आणि अबोलीला आईची जांभळी साडी नेसवून त्या पाटावर बसवली होती. बाबा समोर खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते. उत्तर अजून मिळालं नव्हतं. “सांगते,” ती पुटपुटली. “जेवण झालं की सांगते.” होच म्हणणार होती ती. कशाला वाट बघायची, आणि कुणाची?

तेवढ्यात फाटक वाजलं.

दारात रणजित उभा होता. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, ओले विंचरलेले केस, आणि खांद्यावर केळीचा अख्खा घड. चार डझन, पाच डझन नाही, दांड्यासकट अख्खा घड! कुर्त्यावर चिकाचा डाग पडला होता, आणि चेहरा आनंदाने ओसंडत होता.

आत्या बघतच राहिली. “कोण आपण? कुठले?”

“जी, आलमबाग से,” तो म्हणाला. मराठी माणसाने ‘कुठले’ विचारलं की गाव सांगायचं असतं, लखनौतला मोहल्ला नाही, हेही त्याला माहीत नव्हतं. “अबोलीजी ने बुलाया था. केलवन में.” त्याने घड हळूच खाली टेकवला आणि इकडेतिकडे बघितलं. पाट. रांगोळी. जांभळी साडी. “बाकी केले... कहाँ हैं?”

“कसली केळी?” आत्या म्हणाली.

“केलवन है ना? केलों का... कार्यक्रम?”

आईने तोंडाला पदर लावला. अबोली पाटावरून ताडकन उठली.

“केळवणाचा आणि केळ्याचा काडीचाही संबंध नसतो!” ती ओरडली. “लग्न ठरलेल्या मुलीला जेवायला बोलवतात, त्याला केळवण म्हणतात! लग्न! शादी!”

आणि मग तिला बघायचा होता तो चेहरा तिला दिसला. तीन दिवस उशिरा, पण दिसला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एका जागी थांबलं, मग हळूहळू उतरत गेलं. काही क्षण त्याने घडाचा दांडा धरूनच ठेवला.

“शादी,” तो म्हणाला. “आपकी.”

तिला वाटलं, आता हा ‘बधाई हो’ म्हणेल आणि निघून जाईल. लखनौचा माणूस, अदबीने मरेल पण बोलणार नाही. तो वळलासुद्धा. दारापर्यंत गेला. मग थांबला, परत फिरला, आणि एवढ्या माणसांसमोर तेरा वर्षांच्या पोरासारखा लाल होऊन मराठीत बोलू लागला.

“मला... माहीत नव्हता,” तो म्हणाला. “मला वाटला, केळवण म्हणजे केळी. तू रोज केळीवर बोलतो. मला वाटला, कोणी तुझा सत्कार करतो. म्हणून मी खूश झाला.” त्याने घडाकडे बघितलं. “आता मी खूश नाही. मी रोज पावणेआठला येतो ना... मुलींना केळी आठ वाजता पण चालतो. मी तुझ्यासाठी येतो.”

लहानपणी आईशी बोलायची तेवढीच मराठी त्याच्यापाशी उरली होती, म्हणून सगळं ‘तू’. आत्याच्या ओठांचा कोपरा हलला. कुणीतरी फस्सकन हसणार होतं.

“हसायचं नाही!” अबोली गर्रकन वळली. “खबरदार कुणी हसलं तर!”

कुणी हसलं नाही. आत्यासुद्धा नाही.

बाबा मात्र खुर्चीतून उठून घडापाशी जाऊन बसले होते. त्यांनी एक केळं तोडलं, उलटसुलट केलं, सोललं, खाल्लं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“कुठे पिकवला?” त्यांनी विचारलं.

“कमरे में, सर. गुरुवार को मंडी से लाया था. टाँग दिया था, बोरे से ढककर. रोज देखता था.”

“फ्रिजात नाही ठेवलास?”

“नहीं सर. अबोलीजी ने बताया है, फ्रिज में छिलका काला पड़ जाता है.”

बाबांनी लेकीकडे बघितलं. ते बघणं जरा लांबलं. “कारण सांग म्हणालो होतो मी,” ते म्हणाले. “हे आहे का?”

अबोलीने होकारार्थी मान हलवली. बोलायची वेळ आली आणि नेमका तिचा आवाज फुटेना.

“अरे पण पुण्याला काय सांगायचं?” आत्याने कमरेवर हात ठेवले. “मी काय तोंड दाखवू त्या लोकांना?”

तिथे मात्र तिचा आवाज परत आला. “सांग, मुलगी एकदम कॉमन निघाली!”

“बरं बाई, सांगते. मग आता ठरलं म्हणायचं का?”

“काय ठरलं? कसं ठरलं?” अबोली परत उसळली. डोळे भरले होते आणि नाक लाल झालं होतं, पण तोंड थांबत नव्हतं. “बाबांनी केळं खाल्लं, तू पुण्याला फोन करणार, आणि मला कुणी काही विचारलंच नाहीये अजून! याने तरी विचारलं का? पावणेआठला येतो म्हणे! मी काय समजायचं?”

रणजित दोन पावलं पुढे आला. रांगोळी तुडवू नये म्हणून अलीकडेच थांबला. एकदा ओठ हलवून, मनातल्या मनात वाक्य जुळवून बघितलं त्याने.

“अबोली,” तो म्हणाला, “तू माझ्याशी लग्न... करतो का?”

ती हसली नाही. अगदी हळू, त्याच्याकडे बघत, तिने ते सरळ करून दिलं.

“करतेस का.”

“करतेस का?”

“करते,” अबोली म्हणाली.

आत्याने डोळे पुसले, रांगोळीचा डबा काढला, आणि अबोलीच्या शेजारी दुसरा पाट मांडला. “पुरणपोळी आहेच,” ती म्हणाली. “पण एवढ्या केळ्यांचं काय करायचं गं?”

“शिकरण,” रणजित म्हणाला. आणि हा शब्द त्याचा अगदी बरोबर होता.